अहिरे बाई आणि नानांची टोपी

अहिरे बाई खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही. खोली उघडूनही नीट बघितली नाही. मोरीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्का, हे पाणी पुढं कुठं जातं?"

मी म्हटलं, "बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"गल्लीत."

"आणि मग?"

मला वाटलं, ही नगरपालिकेची बाई दिसते, गटारीची तक्रार घेऊन आली. ती निघाली मास्तरीण. पाचोऱ्यात मुलींना प्राथमिक शिक्षिका करायचं एक डी.एड. विद्यालय नवीन निघालं होतं, तिथे परिसर अभ्यास शिकवायला धुळ्याहून आली होती. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह, एक पातेलं आणि भिंतीवर लावायची बुद्धाची तसबीर. गल्लीतल्या दोघीतिघींनी मला विचारलं, "अक्का, आडनाव विचारलं ना?" मी सांगितलं, विचारलं, आणि भाडं आगाऊ घेतलं. तो विषय तिथे संपला.

मी चौथी शिकलेली. त्यातही चौथीचा शेवट कापूस वेचण्यात गेला. पण अहिरे बाई आमच्या ओसरीवरच्या खोलीत तीन वर्षं राहिल्या आणि परिसंस्था, अन्नसाखळी, अन्नजाळं, विघटक ही सगळी मंडळी माझ्या डोक्यात घुसली ती अजून निघालेली नाहीत. आता नातवंडं पुस्तकातली व्याख्या घोकताना चुकली तर मी चुलीपाशी बसून टोकते. त्यांना ते आवडत नाही.

बाई दिसायला काही विशेष नव्हत्या. उंच, हाडकुळ्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. चालताना खाली बघत. रस्त्यावर काही पडलेलं दिसलं की थांबायच्या. शेण, पिसं, मेलेला किडा, काहीही. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. भाकरी अशी थापायच्या की कडेला कागद आणि मधे वीट. स्वतःच खायच्या, उभ्या उभ्या, आणि म्हणायच्या, "पोटाला काय कळतं." मी दोनदा शिकवायला गेले, मग सोडून दिलं. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही माझं का केलं, असं विचारलं नाही.

पालीला मात्र भयंकर भ्यायच्या. एकदा ओसरीवर मुलींना शिकवत होत्या, पाल किती उपयोगी, डास खाते, किडे खाते, पाल नसती तर आपल्या घरात झोपता आलं नसतं. तेवढ्यात वरच्या तुळईवरून एक पाल पट्कन त्यांच्या खांद्यावर पडली. बाई किंचाळत खाटेवर चढल्या. पाल गेली, मुली हसून हसून लोळल्या. बाई खाटेवरूनच म्हणाल्या, "हसू नका. ती उपयोगीच आहे. फक्त तिची साखळी आणि माझी साखळी वेगळी."

संध्याकाळी पाचसहा मुली अभ्यासाला यायच्या. त्यांच्या हातात गाईड असायचं. बाजारपेठेतल्या दुकानात मिळायचं, पिवळ्या कव्हराचं. मुली त्यातलं घडाघड म्हणायच्या, "परिसंस्था म्हणजे सजीव व निर्जीव घटकांमधील परस्पर आंतरक्रियांनी बनलेली..." बाई ऐकून घ्यायच्या आणि माझ्याकडे बोट करायच्या. मी तिथेच डाळ निवडत बसलेली असायची.

"जा, अक्कांना सांग."

ही त्यांची पद्धत. जे शिकलात ते अक्कांना सांगा. अक्कांना समजलं तर तुम्हाला समजलं. अक्का खोटं बोलत नाहीत.

हे खरं होतं. मी कुणाचं मन राखायला समजलं म्हणत नाही. मुलगी माझ्यापुढे उकिडवी बसायची आणि सुरू करायची. गाईडातलं म्हटलं की मी म्हणायची, "माले काहीच समजनं नही." मग तिला परत जावं लागे. शेवंता नावाची एक मुलगी होती, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट. ती चिडून म्हणाली, "बाई, अक्कांना समजायला आम्ही काय करायचं? अक्काच बदलून द्या."

बाई म्हणाल्या, "चौथीच्या वर्गात साठ अक्का बसलेल्या असतात, शेवंता. त्या कुठून बदलून आणशील?"

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत होतं. वांगी आमची, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, त्याही आमच्या. कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मिरच्या कुटायच्या, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. त्या वर्षी बाई मुलींना घेऊन आल्या. भरीत तयार झालं, वास सुटला, मुली पानं मांडून बसल्या, आणि बाईंनी सगळ्यांचे हात धरले.

"थांबा. आधी पाठ."

चार मुली ओळीत बसवल्या. पहिलीला म्हणाल्या, तू कपाशी. दुसरी बोंडअळी, तिसरी चिमणी आणि शेवटी शेवंता, ती घार. कपाशीपुढे दहा भाकरी ठेवल्या. अळीला त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे एक भाकरी. चिमणीला त्या एका भाकरीचा दहावा तुकडा. आणि घारीला त्या तुकड्याचा दहावा, म्हणजे बोटाला चिकटेल इतका चुरा.

"बाकीची कुठं गेली?" बाईंनी विचारलं.

मुली एकमेकींच्या पानात बघायला लागल्या.

"अळीनं खाल्ली ती सगळी अळीत राहिली का? ती हलली, फिरली, ऊब निघून गेली, शेण टाकलं. जे अंगात उरलं तेवढंच चिमणीला. पायरी चढली की दहातला एक हिस्सा उरतो. बाकीचं जळून जातं."

शेवंता चुऱ्याकडे बघत म्हणाली, "बाई, घारले उपाशी मारतस का काय?"

"म्हणून तर शेतात अळ्या बक्कळ आणि आभाळात घार एकच. लिही हे परीक्षेत."

"आधी खाऊ द्या, मग लिहिते," शेवंता म्हणाली. नाना, म्हणजे माझे मालक, बांधावर बसून हसत होते. ते फार कमी हसायचे.

इथपर्यंत गमतीचं. आता खरी गोष्ट.

त्या मुलींमध्ये आमची सून होती. रत्ना. बारावी झालेली आली होती. माझा मुलगा जिनिंगमध्ये कामाला, म्हणजे कापसाच्या हंगामात काम, बाकी वर्ष घरी. नानांनी तिला डी.एड.ला घातलं ते शेजारच्यांचं बघून. नोकरी लागली तर बारा महिने पगार. रत्ना हुशार होती, लेखी पेपर सगळे निघाले. पण डी.एड.ला वर्षाच्या शेवटी एक पाठ असतो. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे शिकवायचं आणि बाहेरून आलेला परीक्षक मागे बसून बघतो. त्यात ती नापास झाली.

का झाली, हे ती सांगेना. बाईंनी चौकशी केली. परीक्षक म्हणून आले होते ते म्हातारे, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. मागच्या बाकावर बसले. त्यांना बघताच रत्नानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. आमच्यात सून मोठ्या माणसासमोर आली की पदर ओढते आणि बाजूला वळते. नाना अंगणात आले की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. कुणी शिकवलेलं नाही, ते आपोआप होतं. तशी ती वळली आणि सगळा पाठ फळ्याला शिकवला. पोरं मागे मारामारी करत होती. परीक्षकांनी शेरा लिहिला, शिक्षिकेने फळ्यास उत्तम शिकविले.

गल्लीला हे कळलं. "अक्का, तुमनी सून फळ्यानी मास्तरीण व्हयनी का?" असं नळावर विचारलं गेलं. मी म्हटलं, हो, फळा पास झाला.

नानांनी जेवताना एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षी एकदा बसू दे. नाही झालं तर कापूस वेचायला माणूस लागतंच." ते चिडून नव्हते बोलले. हिशोब होता तो. पण रत्नानं ऐकलं, भिंतीकडे तोंड करून.

त्या वर्षात तिला मुलगी झाली. आणि त्याच वर्षी विद्यालयाचं अनुदान अडकलं, बाईंना कळवण्यात आलं की वर्ष संपलं की यायला नको. परीक्षा पुढे ढकलली गेली. बाईंची नोकरी आधी संपली, रत्नाचा पाठ नंतर. बाईंनी पेटी बांधली, स्टोव्ह बांधला आणि बांधलेल्या सामानावर बसून राहिल्या.

मी विचारलं, "जात का नाही?"

"पाठ होऊ दे."

"पगार नाही, मग खाणार काय?"

"तुमच्या भाकरी," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बऱ्या असतात."

मग त्यांनी ते टोपीचं काढलं. रत्ना मला आत्या म्हणायची, माझ्याशी बोलायची, पण खाली बघून, हो आणि नाही. ओसरीवर सगळ्या मुली मला येऊन शिकवायच्या, रत्नाची पाळी आली की तिच्या तोंडातून शब्द निघत नसे. बाईंनी तिला अन्नसाखळीचाच पाठ घ्यायला लावलं आणि मला म्हणाल्या, "अक्का, तुम्ही परीक्षक. नानांची टोपी घाला."

मी म्हटलं, "डोकं फिरलं का बाई?"

"घाला."

घातली. मोठी होती, कानावर आली. शेवंतानं तोंडात पदर कोंबला. मी ओसरीच्या टोकाला खाटेवर पाय सोडून बसले. आणि काय सांगू, मला बघून, म्हणजे टोपी बघून, रत्ना खरंच भिंतीकडे वळली. आपली सासू आहे हे दिसत असूनही वळली. हसणं थांबलं.

असं चारपाच दिवस चाललं. टोपी मी, भिंत ती. मला कंटाळा आला होता. कांदे पेरायचे राहिले होते.

एके दिवशी विषय निघाला विषाचा. तेव्हा धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत पांढरी पावडर टाकायचे. सगळ्यांच्या घरी टाकायचे, आमच्याही. ज्वारीत मी स्वतः हातानं कालवायची. रत्ना भिंतीला सांगत होती, "धान्यावर पावडर मारतात. ते धान्य कोंबडी खाते. ती कोंबडी माणूस..."

मी म्हटलं, "मोठ्यानं बोल. आणि मला एक सांग. पावडर मूठभर, ज्वारी पोती भरून. आपण खातो दोन भाकरी. त्यात पावडर उरली किती? शेतात भरीत खाताना बाईंनीच दाखवलं ना, वर जाता जाता दहावा हिस्सा राहतो. मग विष पण दहावा हिस्सा राहणार. घारीपर्यंत काहीच नाही. उगाच कशाला भीती दाखवता?"

मी हे टोपी घातली म्हणून नव्हते बोलले. मला तसंच वाटत होतं. अजूनही वाटतं की माझा प्रश्न चांगला होता.

बाई चष्मा पुसत बसल्या.

रत्ना भिंतीकडेच होती. मग म्हणाली, "नही आत्या."

मी म्हटलं, "काय नही?"

ती वळली. पदर होता डोक्यावर, पण तोंड माझ्याकडे होतं. मी सून आणल्यापासून तिचं तोंड इतका वेळ सरळ पाहिलं नव्हतं. नाकावर तीळ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"तसं नही शे आत्या. भाकर आपली पचस, कामले लागस, निंघी जास. ती जास म्हनीसन दहावा हिस्सा उरस. विष पचत नही. ते अंगमा बठी राहास. कोंबडी रोज दाना खास, रोजनं विष तिना अंगमा साठस. ती कोंबडी आपन खातस ते बठ्ठं, सगळंच साठेल विष एकदम खातस. भाकर वर जाता कमी व्हस, विष वर जाता वाढस." तिला दम लागला. "आनि ते चरबीमा बठस. मग दूधमा उतरस. तुम्ही कोठीमा जी पावडर टाकतस ना आत्या, ती मना दूधमा शे. पोर तेच पी राह्यनी."

आमच्या घरात सुनेनं सासूला तुमचं चुकतंय म्हणायची ती पहिली वेळ. मला राग आला. आला तो आला, लपवत नाही. पण बाईंनी मला परीक्षक नेमलं होतं आणि खोटं बोलायचं नाही ही त्यांची अट.

मी म्हटलं, "समजनं."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. नाना. त्यांनी बायकोच्या डोक्यावर आपली टोपी बघितली, भिंतीला टेकून बसलेल्या पाच पोरी बघितल्या आणि सून बघितली, जी खडू हातात घेऊन सरळ समोर तोंड करून उभी होती. मी रत्नाकडे बघत होते. तिची मान वळायला लागली, थोडी वळली, थांबली. परत सरळ झाली.

"अन्नसाखळीचे घटक," ती म्हणाली. "पहिला घटक, उत्पादक."

नाना म्हणाले, "बठ्ठं घर मास्तर व्हई गयं." आणि आत निघून गेले. टोपी मागितली नाही.

पावडरचं म्हणाल तर ती कोठी मी फेकून दिली नाही. पोतंभर ज्वारी कोण फेकतं? रत्नाला वेगळं धान्य आणलं, बाकीचं धुऊन वाळवून आम्ही म्हाताऱ्यांनी खाल्लं. पुढच्या वर्षी बाईंनी सांगितल्याप्रमाणे कडुनिंबाचा पाला घातला. किडे पडले. मी बाईंच्या नावानं शिव्या दिल्या, पण पावडर परत घातली नाही. पाला नीट वाळवायचा असतो, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

पाठाचा दिवस उजाडला. शाळा गावातलीच. पोर अंगावर पीत होती म्हणून तिला घेऊन मला बरोबर जावं लागलं. बाईंनी आदल्या संध्याकाळीच रिक्षा सांगून ठेवली होती. पाठ झाला की चाळीसगावची गाडी धरायची, तिथून धुळे. रिक्षा शाळेच्या फाटकाशी उभी, त्यात पेटी, स्टोव्ह, पातेलं. बाई मैदानात नळापाशी वर्गाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, खिडकीतून बघा की. म्हणाल्या, "माझं काम झालं. आता तिचं."

मी खिडकीबाहेर. परीक्षक तेच, टोपीवाले. मागच्या बाकावर बसले आणि वही उघडली. रत्नानं त्यांच्याकडे पाहिलं. पदराला हात गेला. ती फळ्याकडे वळली आणि घार काढायला लागली. एक पंख काढला. दुसरा काढला. मग नुसतीच खडू टेकवून उभी राहिली. पोरं कुजबुजायला लागली. मला वाटलं, गेलं.

आणि माझ्या कडेवरची पोर रडायला लागली. भूक लागली होती, दुसरं काही नाही. मी तिला घेऊन लांब जाणार तोच रत्ना आवाजाकडे वळली. खिडकीकडे बघितलं, मग पोरांकडे.

"कोण रडतंय?" तिनं वर्गाला विचारलं.

"बाळ!"

"माझं आहे. त्याला भूक लागली. ते काय पितं?"

"दूध!" पोरं हसायला लागली.

"दूध कुठून आलं?"

"तुमच्याकडून!"

"आणि मी काय खाते?"

"भाकर!" "खिचडी!" "बोंबील!" एकेकाच्या घरचं बाहेर यायला लागलं.

"भाकर कशाची? ज्वारी कुठून आली? ज्वारीनं काय खाल्लं?" शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "ऊन."

मी पोरीला घेऊन आंब्याखाली गेले, कारण ती थांबेना. पुढचं मी बघितलं नाही, फक्त आवाज ऐकला. एकाच माणसाचा आवाज आणि मधून साठ पोरांचा. तिनं लिहून नेलेल्या पाठाच्या टिपणात हे काहीच नव्हतं. त्यात सुरुवात होती, "बालमित्रांनो, आज आपण..."

निकाल नंतर लागला. पास झाली. नरडाण्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली, आता निवृत्तीला आली आहे. पदर अजून घेते, पण तोंड सरळ असतं, आणि कधी कधी मला वाटतं, जरा जास्तच सरळ असतं.

त्या दिवशी ती वर्गातून बाहेर आली, पोरीला घेतलं आणि तशीच मैदानातून बाईंकडे गेली. पाया पडायला वाकली. बाई मागे सरकल्या.

"घार एवढीशी काढलीस. चिमणीएवढी."

रत्ना म्हणाली, "तुम्ही तर पाठ करून उभ्या होत्या."

बाईंनी पोरीचा पाय धरून हलवला, मला म्हणाल्या, "अक्का, येते," आणि रिक्षात बसल्या. पत्ता देऊन गेल्या होत्या. आम्ही कुणी लिहिलं नाही. त्यांनीही नाही.

रिक्षा थोडी पुढे गेली आणि थांबली, कारण रस्त्यावर शेळ्या आल्या होत्या. बाई पेटी मांडीवर घेऊन पुढे वाकल्या होत्या, एक हात बाहेर काढून शेळ्यांकडे, मग रस्त्याकडेच्या बाभळीकडे, मग वर आभाळाकडे दाखवत रिक्षावाल्याला काहीतरी सांगत होत्या. रिक्षावाला मागे मान वळवून ऐकत होता. शेळ्या केव्हाच निघून गेल्या होत्या.